पांगुळगाड्यावरची नाव

तांबोऱ्याच्या उदाजीराजांनी फर्मान काढलं, "आमच्या नावेसाठी गाडी निवडा!" आणि दुसऱ्याच दिवशी पंचक्रोशीतली एकूण एक बैलगाडी राजवाड्याच्या आवारात जमा झाली.

नाव म्हणाल तर केवढीशी! एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने नजर केलेली, कातडं ताणून बनवलेली, एका माणसापुरती. व्यापाऱ्याने ती काखोटीला मारून आणली होती. पण एकदा राजाची झाल्यावर ती हलकी कशी राहील? तिला नदीवर न्यायचं म्हणून गाडी-निवड मंडळ बसलं. दिवाणजी अध्यक्ष आणि अकरा सभासद. रोज ते एखाद्या गाडीच्या चाकाला हात लावत, गंभीरपणे मान डोलावत आणि जेवायला उठत.

याला सव्वा महिना झाला. इकडे नदीच्या वाळूत येसूची कलिंगडं पिकून फुटायला आली. तिच्या बापाची, रखमाजीची गाडीही त्याच आवारात अडकलेली. म्हातारा डोक्यावरून किती वाहणार? आणखी चार दिवस गेले असते, तर हिवाळाभर घागरीने पाणी घालून वाढवलेला मळा कोल्ह्यांच्या घशात गेला असता. येसूच्या जिवाची नुसती लाहीलाही झाली. तिने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

दरबारात राजे अटी सांगत होते, त्याही शंभराव्यांदा.

"नावेवर ओरखडा उठता कामा नये. आम्ही वरच्या घाटावर नावेत बसणार, खालच्या घाटावर उतरणार. आमच्या आधी गाडी तिथे हजर पाहिजे. राजे कुणाची वाट बघत नसतात! पण ती काठाने धावता कामा नये, चाकांच्या करकरीने आमची तंद्री मोडते. आणि गाडी एकच! दोन घेतल्या तर निवड ती कसली?"

"महाराज, माझा मेहुणा सोळा चाकांचा रथ बांधतोय," दिवाणजी लगबगीने म्हणाले. "वर चांदीचा पत्रा!"

"तो आमच्या आधी पोचेल?"

"पोचणार नाही, महाराज. पण दिसेल फार छान!"

एका सभासदाने नदीच राजवाड्याजवळून वळवायचं सुचवलं. मंडळाने तेही गांभीर्याने लिहून घेतलं.

"म्हाराज, गाडी म्या देते!" येसू पुढे झाली. "पर पसंत पडली, तर समद्यांच्या गाड्या आजच्या आज सोडायच्या. माझी कलिंगडं फुटायला आलीत."

"आणि नाही पडली तर?"

"तर आमची गाडी बैलांसकट तुमची!"

तिच्या मागोमाग आलेल्या रखमाजीने कपाळाला हात लावला. पण शब्द गेला तो गेला. येसू घरी धावली आणि घटकाभरात परत आली. काखेत काय, तर धाकट्या भावाचा तीन चाकांचा पांगुळगाडा!

दरबारात खसखस पिकली. दिवाणजी कडाडले, "राजाच्या नावेला पांगुळगाडा? बाई, थट्टा करतेस?"

"बाकीच्या गाड्या तुमीच अडकवल्या, दिवाणजी. घरात उरली ती हीच!" येसू म्हणाली आणि राजांकडे वळली. "म्हाराज, नाव पान्यात पळते. जमिनीवर तिला एक पाऊल तरी टाकता येतंय का? ज्याला चालता येत न्हाई, त्याला आपन दुसरं काय देतो?"

राजांनी नावेकडे बोट दाखवलं. येसूने गाड्याची उभी दांडी काढली, वर जुनी गोधडी घातली, नाव ठेवून दोरीने आवळली आणि ढकलत वरच्या घाटावर नेली. ओरखडा म्हणून उठला नाही.

"इथवर ठीक!" दिवाणजी हात चोळत म्हणाले. "आता काठाने न धावता ही खाली पोचणार कशी?"

येसूने दोरी सोडली. नाव पाण्यात, आणि पांगुळगाडा नावेच्या नाकाडावर घट्ट बांधलेला!

"बसा, म्हाराज!"

राजे वल्हवत निघाले. काठाने धावलं ते मंडळच, धोतरं सावरत आणि धूळ उडवत. मागोमाग येसू आणि रखमाजी. खालच्या घाटावर नावेचं नाक वाळूला टेकलं, तसे दिवाणजी धापा टाकत ओरडले, "महाराज, हरली! गाडी आधी कुठे आली? बरोबरच आली!"

"नीट बघा," येसू म्हणाली. "गाडी नाकावर हाय, नाक वाळूत हाय. म्हाराज अजून पान्यातच हायत!"

राजांनी खाली पाहिलं. खरंच, त्यांच्या बुडाखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं. पण हट्ट तो हट्ट!

"ते राहू दे. आता राजवाड्यापर्यंत ही ढकलणार कोण? त्यासाठी माणूस निवडावा लागेल. दिवाणजी, मंडळ नेमा!"

दिवाणजींचा चेहरा फुलला. म्हणजे पुन्हा सव्वा महिना! येसूच्या डोळ्यापुढे फुटलेली कलिंगडं आली आणि तिची जीभच सुटली.

"म्हाराज, माझा भाऊ वर्साचा हाय. पांगुळगाडा त्यो सोताच ढकलतो. त्याला अजून नोकर लागला न्हाई!"

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. रखमाजी तर मनातल्या मनात मुलीला शेवटचं बघून घेत होता.

आणि राजे हसले! इतके हसले की नाव हलली, ते कलंडले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून हसतच राहिले.

"सोडा सगळ्या गाड्या!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि दिवाणजी, रथाच्या चांदीचा पांगुळगाडा करून हिच्या भावाला द्या. हा मी ठेवून घेतो. पोरी, गाड्या सुटेपर्यंत तुझी कलिंगडं कोण वाहणार?"

येसूने मंडळाकडे पाहिलं आणि एकेक बोट दुमडत मोजलं. "बारा डोकी हायत, म्हाराज. सव्वा महिना कुनी वापरलेली न्हाईत!"

त्या दुपारी बाजाराच्या वाटेवर लोकांनी पाहिलं ते असं. पुढे राजे, वाकून स्वतःची नाव ढकलताहेत. आणि मागे दिवाणजींसह गाडी-निवड मंडळ, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक कलिंगड.