केरबाच्या परसातला अनंत

एका गावात केरबा नावाचा शिंपी राहत होता. माणूस सरळ, पण तोडून बोलणं आणि तोडून टाकणं या दोन्ही गोष्टी त्याच्या जिवावर यायच्या.

त्याच्या थोरल्या बहिणीने, सोनाक्काने, त्याला अनंताचं एक रोप दिलं. तिच्या दिवंगत नवऱ्याने हौसेने जोपासलेलं हे वाण. पानांना दुधी काठ, आणि फुलांना असा वास की वाटसरू कुंपणापाशी थबकायचे.

केरबाने परसात आळं केलं, शेणखत घातलं. पण वर्षभरात रोप वाढलं जेमतेम वीतभर.

"अक्का, शेजारची जास्वंद कौलांना लागली. हे काय रुसून बसलंय?"

"दुरंगी पानाचं झाड सावकाशच वाढतं. धीर धर," सोनाक्का म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात बुडातून एक फुटवा आला. नुसता हिरवागार, पानांना दुधी काठाचा मागमूस नाही. महिन्याभरात तो गुडघ्याला लागला. केरबा हरखला.

बाजाराच्या दिवशी सोनाक्का आली आणि फुटवा बघून थांबली. "हा आधी बुडापासून काढ."

"एवढा जोमदार, आणि काढू?"

"जोमदार आहे म्हणूनच. सगळा रस तोच ओढतोय."

"बरं, काढतो."

काढला नाही. पुढच्या खेपेला तीन फुटवे होते.

"अरे, काढतो म्हणाला होतास ना?"

"कळ्या धरल्यात गं. फुलं येऊन गेली, की काढतो."

फुलं येऊन गेली. मग म्हणाला, पाखराने घरटं केलंय. पाखरं उडाली. मग म्हणाला, ऊन फार आहे, झाडाला सोसायचं नाही.

सोनाक्काने कपाळावर हात मारला. "दिवसभर लोकांची कापडं कापतोस, तेव्हा नाही हात थरथरत तुझा?"

केरबा हसत पुन्हा शिवणाला बसला.

तिसऱ्या वर्षी सोनाक्काच्या दारातलं मूळ झाड वाळवीने खाल्लं. ती धावतच भावाकडे आली. "एक फांदी दे. तेवढंच उरलंय आता."

दोघांनी झाडात हात घातला. हिरव्या फांद्या पुरुषभर उंच झाल्या होत्या. त्यांच्या सावलीत दुधी काठाची एकुलती फांदी सापडली. सोनाक्काने ती धरली, तशी ती कटकन मोडली. कधीच वाळून गेली होती.

केरबा चाचरत म्हणाला, "हिरव्याचीच नेतेस का, अक्का? वास तोच आहे."

"तू आता बोलूच नकोस," सोनाक्का म्हणाली, आणि रिकाम्या हाताने निघून गेली.

त्याच दिवशी केरबाने सगळे हिरवे फुटवे बुडापासून छाटले. उरलेल्या खोडाला तो रोज पाणी घालू लागला. पाऊस पडला, खोडाला पालवी फुटली. केरबाने वाकून पाहिलं.

पान हिरवंगार होतं.

तात्पर्य: जे नको, त्याला कोवळं असतानाच नाही म्हणावं; भिडेपोटी वाढू दिलं, की ते हव्या असलेल्याच्याच मुळावर येतं.