वानराचा लांडगा

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक वानर राहत असे. नकला करण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. संध्याकाळी चरून परतलेली जनावरे वडाखाली जमत आणि वानर त्यांना खेळ दाखवी. आधी तो हत्तीची अंघोळ दाखवायचा, सशांचे लग्न दाखवायचा. जनावरे जांभया देत आणि अर्ध्यातून उठून जात. एके दिवशी त्याने लांडगा करून दाखवला, आणि तेव्हापासून वडाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही.

खरा लांडगा वानराने फार तर झाडाच्या शेंड्यावरून पाहिलेला. म्हणून त्याने आपल्या मनचाच लांडगा उभा केला. हा लांडगा गवताची काडी चघळत संथपणे येई, एक कान पाडून सगळ्यांकडे बघे आणि म्हणे, "मी मागत नाही. मी उचलतो." त्यासरशी सगळे खूर आपटून दाद देत. मग तो एका सशाची नरडी धरी, ससा तडफडून पडे, आणि खेळ संपला की तोच ससा धूळ झटकून उठे, सर्वांना नमस्कार करी आणि बोरे खायला निघून जाई. खेळात एक टिटवीसुद्धा होती. डोळे गरगर फिरवणारी, अडखळून पडणारी, उगाच केकाटणारी. तिला बघून लहानथोर पोट धरून हसत.

खरी टिटवी काय करत असे, तेही सांगायला हवे. ती जंगलाशेजारच्या उघड्या माळावर राहून सगळ्यांची राखण करत असे. लांडगा दिसला की ती ओरडे. ती ओरडली की मान वर करून बघायचे नाही, काही विचारायचे नाही, नुसते पळत सुटायचे, ही हरणांच्या कळपाची जुनी रीत होती. त्या रीतीवर हरणांच्या कितीतरी पिढ्या जगल्या. पण वानराचा खेळ सुरू झाला आणि टिटवी ओरडली की पाडसे खेळातल्या टिटवीसारखी अडखळून दाखवू लागली. "झालं हिचं सुरू," असे म्हणून ती पुन्हा चरू लागत.

त्या कळपात एका हरणीला एकुलते एक पाडस होते. तेही काडी चघळत, कान पाडून चालायला लागले. एकदा त्याने एका लहानग्या सशापुढची बोरे ओढून घेतली आणि म्हणाले, "मी मागत नाही. मी उचलतो." ससा रडत गेला. हरणी रागावली तेव्हा पाडस म्हणाले, "अगं आई, खेळ आहे तो." कळपातला म्हातारा काळवीट हसून म्हणाला, "काय हुबेहूब करतो गं तुझा मुलगा. बाळा, परत एकदा कर बघू." आणि खरे सांगायचे तर हरणीलाही त्याचे थोडे कौतुकच वाटले.

एका सकाळी टिटवी ओरडली. मोठी हरणे सवयीने पळाली. पाडस मात्र जागेवरच उभे राहिले. "आई, तू जा पुढे," ते म्हणाले. "मला त्याला चालताना बघायचंय." हरणीने वळून हाक मारली, पण तोवर लांडगा आला होता. त्याच्या फासळ्या दिसत होत्या, अंगाला खरूज होती, तोंडातून लाळ गळत होती. तो संथपणे आला नाही. त्याच्या तोंडात काडीही नव्हती. तो आता काय म्हणतो म्हणून पाडस कान टवकारून वाट बघत होते. लांडगा काहीच म्हणाला नाही.

तेवढ्यात पाण्यावर निघालेला गव्यांचा कळप दिसला, तसा लांडगा पाडसाला तिथेच टाकून शेपूट घालून पळाला. हरणी परत आली. बाकीची पाडसे भोवती जमली आणि बराच वेळ उभी राहिली. शेवटी एकाने विचारले, "हा अजून उठत का नाही?"

हरणी वानराकडे गेली आणि म्हणाली, "तुझा खेळ बंद कर रे. निदान टिटवीची थट्टा तरी करू नकोस." वानराचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "फार वाईट झालं, ताई. पण मी कुणाला मारलं का? मी आपला नकला करणारा. हत्तीची अंघोळ दाखवत होतो तेव्हा तुम्हीच उठून जात होतात." तीही उठून गेली होती, हे हरणीला आठवले. वानर पुढे म्हणाला, "तुझ्या बाळाचाच खेळ बसवतो. बघून सगळे शहाणे होतील."

हरणी आशेने तो खेळ बघायला गेली. वानराचा लांडगा आला, पूर्वीपेक्षा धष्टपुष्ट, काडी चघळत. त्याने आपले वाक्य म्हटले आणि खुरांच्या आवाजाने जमीन हादरली. कोणीतरी पाडसाचे सोंग घेतले होते, ते पडले, आणि शेवटी उठून त्याने नमस्कार केला. हरणी तिथून निघून गेली. मला वानराचा राग येतो, पण त्याहून जास्त त्या खुरांचा येतो. दुसऱ्या दिवशी टिटवी माळ सोडून नदीपलीकडे गेली. ती गेली हेही कित्येकांच्या लक्षात आले नाही.

पुढे एकदा हरणी माळावर एकटीच चरत होती. जवळच पाडसांचा लांडगा-हरीण असा खेळ चालला होता, पण तो काही केल्या सुरू होईना. जो तो म्हणे, लांडगा मीच होणार. भांडून भांडून थकल्यावर त्यांतले एक पाडस हरणीपाशी आले.

"मावशी," ते म्हणाले, "हरीण व्हायला कुणीच तयार नाही. तू होतेस का?"

तात्पर्य : मारणाऱ्याच्या ऐटीला जिथे दाद मिळते, तिथे मरणाऱ्याच्या जागी कोणी स्वतःला पाहत नाही, आणि मग पाळी कोणावरही येते.