मऊ टायर आणि विरघळलेले चाक

घाटाखालच्या एका गावात, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून चिमुकल्या गाड्या आणि विमाने जुळवणारे एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांच्या खोलीत दुपारचे ऊन काचेच्या कपाटांतून हिरवट होऊन उतरे. आत येणाऱ्याला वाटे, आपण पाण्याखाली आलो आहोत आणि इथे घाई कशालाच नाही.

एका दुपारी त्यांचा शिष्य यशोधन ओंजळीत एक छोटी जीप घेऊन आला. आईवडिलांमागे धाकट्या भावाला त्यानेच वाढवले होते. ही जीप दोघांनी मिळून जुळवलेली. कित्येक वर्षे ती काचेच्या पेटीत बंद होती. आता भावाला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. जीप दुरुस्त करून त्याच्या हाती दिली, की जुन्या आठवणींनी तरी तो थांबेल, अशी यशोधनला आशा होती.

गुरुजींनी जीप उलटी करून एक टायर ओढले. ते तडकून तुकडा हातात आला. आतले एरवी टणक असणारे चाक मात्र मेणासारखे वितळून बसले होते. गुरुजींनी उरलेली टायरेही कापून काढली.

"गुरुजी, हे काय केलंत!" यशोधन कळवळला. "आणि चाकं अशी कशी झाली? मी तर त्यांना वारासुद्धा लागू दिला नाही."

"टायर मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घालतात," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि ज्याला टायर बिलगलेलं असतं, त्यालाच विरघळवतं. आपला मऊपणा देता देता टायर ताठर होतं, आणि घेणाऱ्याचा आकार जातो. दोघांत वैर कसलंच नाही, बाळा. मधे चंदेरी कागदाची एक पट्टी हवी होती, एवढंच."

यशोधनने ती बिनटायरची जीप पुन्हा ओंजळीत उचलून घेतली.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा भाऊ उघड्या बॅगेपाशी बसला होता.

"दादा, कंपनीला काय कळवू? तू नको म्हणालास तर नाही जात मी."

"येतो म्हणून कळव."

"आणि तू?"

"मी आहे की. मलाही जरा माझ्यापुरतं राहून बघू दे."

भाऊ शर्टाची घडी घालू लागला. ती वाकडीतिकडी होत होती. यशोधनचे हात सवयीने पुढे झाले, क्षणभर हवेत थांबले, आणि त्याने ते हळूच मागे घेतले.