मागं कोण हाय?

“मी थांबलो असतो तर मगदूम सर वाचले असते का, वस्ताद?”

बाबालाल वस्ताद पिराच्या ओट्यावर बसून माठाचं फडकं पिळत होते.

“सांगा की. वाचले असते का?”

“पानी पी आधी.”

विचारणारा रणधीर सरनोबत. शहरातल्या रोड सायकलवाल्यांचा म्होरक्या. घाट चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. आज मात्र सायकल आडवी टाकून ओट्याच्या पायरीवर बसला होता. तांब्या हातात तसाच.

सायकल म्हणजे सायकल, असं तुम्हाआम्हाला वाटतं. तसं नाही हो! बारीक चाकाची वेगळी, जाड चाकाची वेगळी, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. बारीकवाले डांबरी सोडत नाहीत. जाडवाले पाखाडीनं, म्हणजे जुन्या पायवाटेनं, दगडधोंड्यांतून घाटमाथ्यावर येतात. हे त्यांना ट्रॅक्टर म्हणतात, ते यांना काडीपैलवान. आपल्यातला समोरून आला तर हँडलवरचा हात उचलायचा. दुसऱ्यातला आला तर रस्त्याकडे बघायचं.

एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि चाकाच्या जाडीवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कपाळाला हात लावायचा, दुसरं काय.

वस्तादांनी मात्र दोघांनाही सायकल शिकवली होती. तरुणपणी स्वतः शर्यती मारल्या, पोरं तयार केली, आणि म्हातारपणी घाटमाथ्यावर पिराच्या सेवेला येऊन राहिले.

मगदूम सर जाड चाकवाले. शाळेत भूगोल शिकवायचे. त्या रविवारी, पाखाडी जिथे डांबरीला मिळते त्या वळणावर, ते कठड्याला टेकून बसले होते. सायकल शेजारी आडवी. रणधीर त्यांच्या पुढून गेला आणि थांबला नाही. दुधाच्या टेम्पोवाल्यानं त्यांना पाहिलं, तोवर फार उशीर झाला होता. छातीत कळ आली होती.

“मला वाटलं, पंक्चर असेल,” रणधीर म्हणाला. “आमची ट्यूब त्यांच्या चाकाला बसत नाही. पंपसुद्धा बसत नाही. थांबून काय करणार होतो मी?”

“खरं हाय. बसत न्हाई.”

रणधीरच्या जिवात जीव आला. तेवढाच.

“चाक काढलं हुतं का त्यानं?”

“...नाही.”

“टायर बसला हुता?”

माठाखाली पाणी ठिबकत होतं.

“दोन्ही टायर टम्म होते, वस्ताद. बघितलं होतं मी.”

“हं.”

वस्तादांची एक रीत आहे. घाट चढून जो येईल त्याला पाणी द्यायचं आणि विचारायचं, ‘मागं कोण हाय?’ आलेल्यानं सांगायचं. मागचा येईपर्यंत वस्ताद ओट्यावरून हलत नाहीत. फारच वेळ झाला तर शेजारच्या टपरीवाल्याची जीप खाली धाडतात. बारीक असो की जाड, ही रीत सगळ्यांना तोंडपाठ.

“त्या दिवशी वर आलास, तवा मी तुला काय इचारलं?”

रणधीरचा चेहरा उतरला. हे तो विसरला होता, की विसरायला बघत होता, देव जाणे.

“मागं कोण हाय, असं.”

“तू काय म्हनालास?”

“कुणी नाही, म्हणालो.”

“मग मी काय केलं?”

“माठ आत नेला. दार लोटलं.”

“आन् मगदूम?”

“होते की खाली! पण मला वाटलं, तुम्ही आमच्यातलं विचारताय. आमच्यातलं कुणीच नव्हतं मागं...”

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. ढसाढसा रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला, झुबकेदार मिशांचा बाप्या.

वस्तादांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

“काल दहाव्याला गेलो होतो. लांबच उभा राहिलो. त्यांची बायको येईल त्याला विचारत होती, वाटेत यांना कुणीच भेटलं नाही का हो? मलाही विचारलं. माझी जीभच उचलली नाही, वस्ताद. शिव्या द्या मला. हाकलून द्या. ही सायकल ठेवून घ्या, पुन्हा शिवणार नाही तिला.”

“तिनं काय केलंय?”

“मग मी काय करू? निदान एवढं तरी सांगा. ‘नसता वाचला’ म्हणा. एकदाच म्हणा. मला झोप तरी लागेल.”

मगदूमची सायकल मागून धरून वस्तादांनीच त्याला मैदानभर पळवलं होतं, रणधीरला पळवलं तसंच. त्यांचेही डोळे भरले होते.

तेवढ्यात पाखाडीच्या अंगाला दगड घसरल्याचा आवाज आला. जाड चाकाची सायकल ढकलत एक बाई वर आली. तिशीची असेल. गुडघ्यापर्यंत माती, दंडाला काळी फीत. मगदूम सरांच्या गटातली.

तिनं आडवी पडलेली बारीक चाकाची सायकल पाहिली. पायरीवर तोंड झाकून बसलेला माणूस पाहिला. क्षणभर थबकली. मग आपली सायकल ओट्याला टेकवून त्याच्यापाशी गेली.

“पंक्चर आहे का दादा? माझी ट्यूब तुमच्या चाकाला बसायची नाही, पण... बरं वाटत नाही का? काही हवंय?”

रणधीरनं बाहीनं डोळे पुसले. घसा खाकरला. मान ताठ केली.

“काही नाही. काही नाही हो. जावा तुम्ही.”

“नक्की?”

“नक्की. जावा.”

ती वस्तादांकडे वळली. त्यांनी तांब्या भरून दिला.

“मागं कोण हाय, बाळ?”

“दोघं आहेत. एक आमचा. आणि खालच्या वळणावर एक रोड सायकलवाले दिसले, फार दमलेत. त्यांना वेळ लागेल.”

घटाघटा पाणी प्यायली, तांब्या विसळून ठेवला, सायकलवर बसली. जाताना तिनं रणधीरकडे बघून हात उचलला. रणधीरचा हात गुडघ्यावरून जरासा उठला आणि तिथेच पडला.

ती दिसेनाशी झाली. घाटातून वारा येत होता. वस्तादांनी माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते खालच्या वळणाकडे बघत बसले.

“वस्ताद, तुम्ही उत्तर नाही दिलंत...”

वस्तादांनी खालच्या वळणावरची नजर काढली नाही.

“थांबला असतास, तरी मगदूमबी तुला हेच म्हनाला असता, लेका. ‘काही न्हाई, जावा.’”