मिरीचा पाय उठेना

डोंगराच्या पायथ्याशी ठकूबाईचं खोपट होतं. तिच्या बारा शेळ्या होत्या. आणि एक करडू.
करडू काळं काळं, इवलंसं. म्हणून त्याचं नाव मिरी.

मिरी एकदा खडकावर चढली. पाय घसरला. धप्प!
मागचा पाय मोडला. कट्!
ठकूबाईनं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. महिनाभर ठेवल्या. मग सोडल्या.
हाड छान जुळलं होतं. पण पाय उठेचना!
तीन पाय चालायचे. चौथा नुसता घासायचा.
टप टप टप... घस्स!

सकाळी शेळ्या डोंगरावर निघाल्या. मिरीची आईसुद्धा निघाली.
"बेंऽ! मी पण येणार!" मिरी ओरडली.
"अगं, डोंगर उभा आहे. तुझा पाय अजून झोपलाय," आई म्हणाली. तिनं मिरीला चाटलं, आणि ती गेली.

मिरी गेली ठकूबाईकडे.
"ठकूमावशी, ठकूमावशी, माझा पाय काही उठेना!"
ठकूबाई म्हणाली, "तेल लावून चोळला की उठेल. पण तेल संपलंय गं बाई. आधी तेल आण, मग चोळते."
तिनं मिरीच्या गळ्यात छोटी लोटी बांधली.

टप टप टप... घस्स! मिरी गेली घाण्याच्या बैलाकडे.
"बैलदादा, बैलदादा, गरगर फिर ना!
तेल निघेना,
माझा पाय काही उठेना!"
बैल म्हणाला, "हंऽ! माझ्या घुंगराची दोरी तुटलीय. घुंगरू नाही तर फिरणं नाही. आधी दोरी आण, मग फिरतो."

टप टप टप... घस्स! मिरी गेली दोरीवाल्या गेनूआजोबांकडे.
"आजोबा, आजोबा, दोरी वळा ना!
बैल फिरेना,
तेल निघेना,
माझा पाय काही उठेना!"
आजोबा म्हणाले, "वळली असती गं बाळा. पण माझा चष्मा माकडानं पळवला. आधी चष्मा आण, मग वळतो."

टप टप टप... घस्स! मिरी गेली माकडाकडे.
माकड चष्मा लावून बसलं होतं. उलटा!
"माकडभाऊ, माकडभाऊ, चष्मा दे ना!
दोरी वळवेना,
बैल फिरेना,
तेल निघेना,
माझा पाय काही उठेना!"
माकड म्हणालं, "हुप्! फुकट नाही देणार. आधी पिकलं बोर आण, मग देतो."

टप टप टप... घस्स! मिरी गेली बोरीकडे.
"बोरीबाई, बोरीबाई, बोर टाक ना!
माकड ऐकेना,
दोरी वळवेना,
बैल फिरेना,
तेल निघेना,
माझा पाय काही उठेना!"
बोरीबाई म्हणाली, "माझी मी कशी हलू? आधी वाऱ्याला आण, मग टाकते."

टप टप टप... घस्स! मिरी गेली वाऱ्याकडे.
वारा खडकामागे लोळत होता.
"वारोबा, वारोबा, जोरात सूट ना!
बोर पडेना,
माकड ऐकेना,
दोरी वळवेना,
बैल फिरेना,
तेल निघेना,
माझा पाय काही उठेना!"
वारा म्हणाला, "आऽऽ! मला आलाय कंटाळा. आधी तू उडी मारून दाखव, मग सुटतो."

उडी?
मिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता जायचं कुणाकडे?
तिनं मान वळवली. मागे पाहिलं. तिथे तिचा पाय होता.
"पाया, पाया, ऊठ ना!
वारा सुटेना,
बोर पडेना,
माकड ऐकेना,
दोरी वळवेना,
बैल फिरेना,
तेल निघेना,
आणि तू काही उठेनास!"
पाय हळूच म्हणाला, "मला भीती वाटते. पुन्हा पडलो तर?"
मिरी म्हणाली, "बोटभरच ऊठ. बाकीचे तिघं आहेत ना धरायला!"

पाय थरथरला. मिरी पडली. धप्प!
उठली. पुन्हा पडली. धप्प!
पुन्हा उठली. डोळे मिटले. आणि... टुप्!
बोटभर उडी! एवढीश्शी!

"हूऽऽ! मारली रे मारली!" वारा हसत सुटला.
वारा सुटला, बोरीबाई हलली. टपाटप, टपाटप, बोरं पडली.
एक मिरीनं खाल्लं. एक माकडाला दिलं.
माकडानं चष्मा दिला. आजोबांनी डोळ्यांवर लावला.
"अगं, तू तर काळी आहेस! मला वाटलं, भुरकी!" आजोबा म्हणाले.
त्यांनी दोरी वळली. वळवळ वळवळ, झाली दोरी!
मिरीला वाटलं, दोरी चावून बघावी. पण नाही चावली.
दोरीत घुंगरू बांधलं. छुनछुन छुनछुन! बैल फिरला.
बैल फिरला, घाणा फिरला. कुईं कुईं, कुईं कुईं!
तेल निघालं. लोटी भरली.

ठकूबाईनं तेल कोमट केलं. पाय मांडीवर घेतला. चोळला, चोळला, चोळला.
"लगेच पळेल का?" मिरीनं विचारलं.
"लगेच नाही गं. रोज थोडं थोडं," ठकूबाई म्हणाली.

मग रोज तेल. रोज उडी.
आज बोटभर. उद्या वीतभर. एक दिवस मात्र उडीच नाही, नुसतं धप्प!
मिरी रुसली. कोपऱ्यात जाऊन बसली.
वारा आला. तिच्या कानात फुंकर घालून गेला. फूऽऽ!
मिरी हसली. पुन्हा उठली. मग हातभर!

आणि एका सकाळी शेळ्या निघाल्या. मागून आवाज आला.
टप टप टप टप!
आईनं वळून पाहिलं. चारही पाय चालत होते.
"बेंऽ! मी पण आले!"
"ये गं माझी बाय!" आई म्हणाली. ती हळूहळू चालू लागली, मिरीच्या बेतानं.

डोंगरावर एक झाड होतं. कोवळा पाला होता. पण उंच, उंच!
सगळ्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहिल्या.
मिरीनं पुढचे पाय खोडावर टेकले. मागचे पाय घट्ट रोवले. दोन्ही!
मान ताणली. ताणली. ताणली.
आणि पाला खाल्ला.
करकर करकर, पोट भरेपर्यंत.