दुसरा हत्ती

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की तीन गल्ल्या पालथ्या घातल्या तरी महिन्याभराने गावात परतलेल्या येसूच्या हाकेला कुणी ओ दिली नाही.

"पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ!"

झिजलेल्या पाट्या-जात्यांना छिन्नीचे घाव घालून पुन्हा खरखरीत करणारी ही टाकारीण. चौथ्या गल्लीत तिला शिपायानेच धरलं.

"दवंडी ऐकली नाहीस? महाराजांनी दगडांचे मानपान ठरवलेत. चकाकेल तो सरदार, खरखरीत तो चाकर. घरोघरचे पाटे घासून गुळगुळीत झालेत. त्यांना टाकी लावणं म्हणजे सरदाराचा अपमान."

आता खायचं काय?

शिपायाने तिला थेट दरबारात उभं केलं. तिथे तुंगराज महाराज एका पारदर्शक खड्यापुढे बसले होते. तो सगळ्या दगडांचा सरदार. महाराजांनी तो हत्तीच्या शेपटीच्या केसावर ठेवला.

"काय दिसतं?" त्यांनी येसूला विचारलं.

"दोन केस, महाराज."

"केसाचे दोन झाले, मग बाकीच्या हत्तीनं काय घोडं मारलंय? तू दगडातली माणूस. सूर्य मावळायच्या आत दुसरा हत्ती उभा कर. नाहीतर तुझी टाकी-हातोडी सरकारजमा."

असले खडे येसूला ठाऊक होते. विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोटात सापडायचे. फोडले तर तुकडानतुकडा तसाच तिरपा चौकोनी निघायचा, आणि त्यातून एकाच्या जागी दोन दिसायचे. दिसायचे फक्त. पण हेच महाराजांना सांगितल्याची शिक्षा म्हणून प्रधानजी सध्या खड्याला दुधाची अंघोळ घालायच्या कामावर होते.

"करते, महाराज. पण लेखी हुकूम द्या. हत्तीचं काम आहे."

हुकूम आला, खाली राजमुद्रा. येसूने खडा मुद्रेवर ठेवला आणि दचकून मागे सरली.

"अगं बाई, हे तर दोन राजांचे शिक्के. मी कुणाचं ऐकू?"

महाराज वाकून बघतात तो खरंच दोन मुद्रा.

"हा दुसरा कोण?"

"मला काय ठाऊक? पण खड्यानं केलाय म्हणजे खराच असणार. त्यालाही सिंहासन लागेल. जेवायला ताट लागेल. राणीसाहेबांना विचारावं लागेल..."

"खोटा आहे तो! खड्यात दिसतो तो दुसरा खोटा. प्रधानजी, लिहून घ्या!"

प्रधानजींनी दुधाचे हात धोतराला पुसून लगोलग लिहून घेतलं.

"मग महाराज," येसू चाचरत म्हणाली, "तो दुसरा केस?"

महाराजांनी केसाकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. पुन्हा केसाकडे.

"म्हणजे दुसरा हत्तीही खोटाच की गं!"

"चारा वाचला, महाराज."

महाराज इतके हसले, की मुकुट घसरून कानावर आला. "माग, काय हवं ते."

"पाट्यांना चाकरीवर परत घ्या."

मावळतीला येसू राजवाड्याखालून निघाली.

"पाट्याला टाकीऽऽ..."

कुणी नाही. तिने पुन्हा हाक दिली. वरची खिडकी धाडकन उघडली. मुकुट तसाच कानावर.

"येसू, थांब गं. आमच्यापासून सुरुवात कर. महिना झाला, चटणीत अख्खी मिरची चावतोय!"