मोटारीची किंमत

राजेसाहेबांनी फ्रान्सहून मोटार आणवली आणि कर्दळगड संस्थानात दुसरा विषयच उरला नाही. ती बनवणारी कंपनी आधी सायकली करायची, मग मोटारींच्या शर्यती जिंकू लागली, हा इतिहास ते येईल त्याला ऐकवत. आज ऐकायला शेजारच्या संस्थानचे राजे होते. नदीच्या उतारात गाडी रुतली, बैल जुंपावे लागले, तरी राजेसाहेबांचा तोरा उतरेना.

"दिवाणजी, पाहुण्यांना हिची किंमत सांगा!"

म्हाताऱ्या त्र्यंबकपंतांनी पाण्यात अर्धवट राहिलेल्या खांबांकडे बोट दाखवलं. "एक पूल, सरकार."

राजेसाहेबांची मान खाली गेली. पंतांना मात्र आनंद झाला नाही. पुलाची रक्कम मोटारीकडे वळवणाऱ्या कागदावर सही त्यांचीच होती. हेच उत्तर तेव्हाही जिभेवर आलं होतं, आणि त्यांनी ते गिळलं होतं.